कबुतराखालची ओळ

वहिनी, ते पांढरं कबूतर मी शिवलं होतं.

एवढं एक वाक्य तुमच्यासमोर बसून म्हणायला मला किती प्रसंग मिळाले! तुम्ही मेथी निवडत असताना, मी तुमच्या डोळ्यांत थेंब घालत असताना, दादाच्या वर्षश्राद्धाला आपण शेजारी शेजारी पानावर बसलो असताना. दर वेळी मी काहीतरी दुसरंच बोललो. आता तुम्ही नाही, आणि ते वाक्य तुम्हांला ऐकवायचं राहूनच गेलं. म्हणून तुमचं माहेर कोणतं, शिक्षण किती, तुम्ही किती सोशिक होता, हे सगळं मी इतरांवर सोपवतो. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. हे मात्र दुसरं कोणी लिहू शकणार नाही, कारण ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि आपल्यापैकी एक माणूस गेल्या महिन्यात गेलं.

तुम्ही लग्न होऊन साताऱ्याकडच्या आमच्या घरी आलात तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होतो. आई नव्हती. दादा फौजेत, वर्षातून एकदा येणार आणि ट्रंकेला कुलूप लावून जाणार. तुम्हांला मूल झालं नाही, असं लोक म्हणत, आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “ह्ये काय मग, आभाळातनं पडलंय?” दुपारी तुम्ही गोधडी शिवायला बसलात की सुईत दोरा ओवण्याचं काम माझं. पुढे तुम्ही मला एक कोपराही शिवायला दिलात. माझा टाका बरा होता, पण दोऱ्याची गाठ मी नेहमी वरच ठेवायचो. “गाठ आत घे रं बाळा,” तुम्ही सांगत. “वरनं टाकाच दिसला पायजे.” मी मान डोलवायचो आणि पुढची गाठही वरच राहायची.

आणखी दोन गोष्टी त्या काळातल्या आहेत, ज्यांचा मला या महिन्यात फार उपयोग झाला. एक म्हणजे, गोधडीची शेवटची कड मिटण्याआधी तुम्ही आत थोडे जोंधळे टाकत होता. तुमच्या आईची ती रीत. “गोधडी उपाशी मिटू ने. तिचं प्वाट भरलं तर ती आपल्याला ऊब देती.” दुसरी गोष्ट लोणच्याच्या बरणीची. ती माझ्या हातून फुटली, आणि दाराआड उभा राहून मी “चुकलं” असं पुटपुटलो. तुम्ही मला बाहेर ओढलंत, पण मारलं नाहीत. “बरनी केवढ्यांदा फुटली! शेजारी पळत आलं. मग चुकलं बी तेवढ्याच मोठ्यानं म्हन. तोंडातल्या तोंडात म्हनलेलं आपल्याच पोटात जातं.”

मला सरकारी नोकरी लागली त्या दिवसापासून तुम्ही मला ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणायला लागलात. मी भांडलो. तुम्ही म्हणालात, “आता सायेब झालासा.” त्या ‘सायेब’मध्ये थट्टा किती आणि अभिमान किती, हे मला कधीच नीट कळलं नाही.

दादा निवृत्त झाल्यावर त्याला तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम मिळालं, आणि तुम्ही दोघं जुईनगरला आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहायला आलात. दादा गेला आणि तुमच्या घरात एक लष्करी हिरवा शर्ट खुंटीवर राहिला. तो तुम्ही धूत होता, वाळवत होता आणि परत खुंटीवर लावत होता. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, “धूळ बसती.”

मग ते छायाचित्रांचं प्रदर्शन आलं. वाशीच्या एका शाळेत अणुबाँबनं उद्ध्वस्त झालेल्या शहरांची चित्रं लावली होती. माझी बायको सुनीता तुम्हांला घेऊन गेली, आणि परतताना आणायला मी गेलो. एका चित्रासमोर तुम्ही उभ्या होता. एका बाईची पाठ होती. तिच्या अंगातल्या कापडाची नक्षी, जिथे रंग गडद होता तिथे, कातडीवर भाजून उमटली होती. तुम्ही हलत नव्हता. घरी येऊन पाणी प्यालात आणि म्हणालात, “भावजी, कापड अंगाला राखतं, आसं मी जलमभर समजत हुते.”

त्यानंतर आठवडाभर तुम्ही सुईला हात लावला नाहीत. आणि मग एका सकाळी आमच्या दारात उभ्या राहून जाहीर केलंत, की सगळ्या बायांनी मिळून एक गोधडी शिवायची. पांघरायची नव्हे, उभी टांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावी अशी. नियम एकच. “ज्याच्या अंगावर रातीचं पांगरून घालावंसं वाटतं, त्याचं कापड आनायचं. आन् त्याच्यावर दोऱ्यानं लिवायचं, ह्यो बाँब का नगं.”

सोसायटीतल्या बायका हसल्या आणि आल्या. कोणी नवऱ्याचा कुर्ता आणला, कोणी सासूचं नऊवारी, कोणी परदेशी गेलेल्या मुलीची ओढणी. पण ती गोधडी खऱ्या अर्थानं सुरू झाली ती शेवंताबाई आल्यावर. तुम्ही पावसाळ्याचा कांदा भरायला वाशीच्या एपीएमसी बाजारात गेला होता, आणि कांदा निवडत बसलेल्या एका बाईशी मोड आलेल्या कांद्यावरून तुमचं वाजलं. भांडता भांडता तिनं तुमच्याकडे निरखून पाहिलं. “विहिरीजवळच्या घरातली यमी न्हवं का गं तू?” लहानपणी तुम्ही दोघींनी एकाच ओढ्याला गुरं पाजली होती. तुम्ही कांद्याच्या राशीवर बसून रडलात आणि कांदा घ्यायचा विसरूनच घरी आलात. “भावजी, मला यमी म्हननारं मानूस घावलं,” एवढंच सांगत राहिलात.

शेवंताबाई तुर्भ्याच्या वस्तीत राहत होत्या. त्या आल्या आणि सोबत वस्तीतल्या आणखी बायका घेऊन आल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर कडेनं सगळ्या बसायच्या, कडेकडून मध्याकडे शिवत जायच्या. माझ्यासारखा पुरुष चहाचं विचारायला डोकावला, की शेवंताबाई ओरडायच्या, “सेक्रेटरीसायेब, च्या नगं, चष्मा आना! यमीला आता नाकाम्होरलं बी दिसंना.” आणि तुम्ही, “तुला दिसतंय म्हनून तर तुझा टाका नागमोडी जातूया.” मी सोसायटीचा सचिव होतो, हॉलची किल्ली माझ्याकडे होती, आणि तिथे इतकं हसणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवसांत आपला तो वाद सुरू झाला. मी म्हणालो होतो, की वहिनी, शांतता सगळ्यांनाच हवी, पण ज्याच्या हातात काठी असते त्याच्या वाटेला कोणी जात नाही; आपल्याकडे बाँब आहे म्हणूनच समोरचा दबून आहे. तुम्ही भाकरी थापत होता. “आन् समोरच्याची बायकू बी त्याला हेच सांगत आसंल न्हवं?” मी म्हणालो, त्यांचं वेगळं, आपलं वेगळं. “थंडी काय नाव इचारून वाजती व्हय, भावजी? मग आग कशी इचारंल?” मी म्हणालो, जग इतकं सोपं नसतं. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटून म्हणालात, “सोपं हाय म्हनून कुठं म्हनलं? नगं म्हनलं.”

वहिनी, हा वाद मी अजून हरलेलो नाही आणि जिंकलेलोही नाही. वर्तमानपत्र उघडलं की मला माझा मुद्दा पटतो, आणि मिटलं की तुमचा. आज तुम्ही असता तर आपण पुन्हा भांडलो असतो. पण वाद असणं निराळं आणि मी केलं ते निराळं, एवढं मात्र मला आता स्वच्छ दिसतं.

तुम्ही दादाचा तो हिरवा शर्ट खुंटीवरून काढलात आणि त्याची पाठ कापलीत. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं दोन ओळी शिवल्यात. वरची: ‘त्यांचा नको.’ खालची: ‘आपलाही नको.’ घरात तुम्ही ‘नगं’ म्हणायचा, पण कापडावर मुद्दाम ‘नको’ लिहिलंत; सगळ्यांना नीट वाचता यावं म्हणून. शेवंताबाईंना लिहिता येत नव्हतं. तुम्ही त्यांच्या नातवाच्या शाळेच्या सदऱ्यावर खडूनं अक्षरं काढून दिलीत आणि त्यावरून त्यांनी टाके घातले: ‘बाँब कुनाचाच नगं.’ त्यांची बोली तुम्ही बदलली नाहीत. त्या आधी बिचकल्या होत्या. वस्तीत लोक बोलतील, लेक चिडेल, असं म्हणत होत्या. तुम्ही त्यांचा हात धरून म्हणाला होता, “मी लिवतीया न्हवं? तू बी लिव. दोगी मिळून काय ते सोसू.” हे मी हॉलच्या दारातून ऐकलं होतं. ऐकूनही पुढचं केलं.

गोधडी टांगायचा दिवस ठरला, आणि नेमका त्याच सुमारास सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि बाण. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हॉलमधला फोटो टाकून विचारलं, “हे काय चाललंय आपल्या सोसायटीत?” अध्यक्षांचा मला फोन आला. “तुमच्या वहिनींचं ते वाक्य जरा बघा हो. उद्या पाहुणे येणार, सगळ्यांच्या हातात मोबाइल. उगाच टेन्शन नको.” त्यांनी फक्त ‘बघा’ म्हटलं होतं. पुढचं मी माझ्या मनानं ठरवलं, आणि त्याचा भार मी कोणाच्याही खांद्यावर टाकू इच्छित नाही.

आदल्या दुपारी तुम्ही सगळ्या स्वयंपाकाला घरी गेला होता. मी हॉल उघडला. माझ्या पांढऱ्या रुमालाचं एक कबूतर कापलं, शांततेचंच चिन्ह, म्हणजे कोणाला खटकायला नको. आणि ते ‘आपलाही नको’ या ओळीवर शिवून टाकलं. टाके वरच्या कापडापुरतेच घेतले, मागून काही दिसणार नाही असे. डोळ्याच्या जागी काळ्या दोऱ्याचा एक ठिपका दिला. कित्येक वर्षांनी हातात सुई धरली होती. तरी टाका बरा पडला. तुम्हीच शिकवला होता.

मी त्या वेळी स्वतःला सांगितलं, की हे तुमच्या काळजीपोटी आहे. फौजीची विधवा, एकटी बाई, कोणी काही बोललं तर तुम्हांला सोसणार नाही. वहिनी, ती काळजी नव्हती. मला माझ्या खात्यातली माणसं दिसत होती, माझ्या टेबलासमोर उभं राहून तो फोटो दाखवणारी. भीतीला मी काळजीचं नाव दिलं. आणि याहून वाईट म्हणजे, त्याच गोधडीवर हातभर अंतरावर शेवंताबाईंचं वाक्य होतं, तुमच्याहून अधिक धीट. त्याला मी हात लावला नाही. ती बाई माझी कोणी लागत नव्हती. तिच्यावरून मला कोणी काही विचारणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोधडी मीच लवकर टांगून ठेवली; तुम्ही आलात तेव्हा पाहुणे आधीच भिंतीसमोर उभे होते. गर्दीत तुम्ही मागे राहिलात आणि चष्मा घरी विसरला होता. प्रमुख पाहुण्यांनी तुमचा तुकडा मोठ्यानं वाचला. “‘त्यांचा नको!’ वा! वीरपत्नीचा हा बाणेदारपणा पाहा.” टाळ्या वाजल्या. मी काय करून बसलो होतो हे मला त्या टाळ्यांत कळलं. मी ओळ नुसती लपवली नव्हती. उरलेल्या ओळीला तुम्ही कधी म्हटलं नव्हतं ते म्हणायला लावलं होतं. तुमच्या तोंडात मी दुसऱ्याचं वाक्य घातलं, आणि तेही दादाच्या पाठीवर.

मुलांना कबूतर फार आवडलं. एका पोरानं विचारलं, “आजी, ही कोंबडी आहे का?” तुम्हांला कळेना, कुठली कोंबडी.

पाहुणे गेले. बायका गोधडी उतरवू लागल्या. शेवंताबाई तुमच्या तुकड्यापाशी थांबल्या. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण तिथे दोन ओळी होत्या आणि आता एक आहे, हे त्यांना दिसलं होतं.

“यमे, ह्ये काय?”

कोणीतरी तुमचा चष्मा आणला होता. तुम्ही तो लावलात. कबुतरावरून अंगठा फिरवलात. डोळ्यापाशी तो थांबला. तिथे गाठ वरच होती. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. मी हॉलच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होतो. त्या नजरेत राग नव्हता. बरणी फुटल्यावर तुम्ही पाहिलं होतं, तसंच पाहिलंत. वाट बघितल्यासारखं.

मी बोललो नाही.

“कबूतर हाय,” तुम्ही शेवंताबाईंना म्हणालात.

“ते दिसतंय मला. त्याच्याखाली काय हुतं, ते इचारतीया. मला म्होरं केलीस. माझ्या लेकानं माझ्याशी बोलनं टाकलं, तरी म्या टाका उसवला न्हाई. आन् तू कबूतर उडवून मोकळी?”

“व्हय,” तुम्ही म्हणालात. “मीच झाकलं. भ्या वाटलं.”

“भ्या? तुला?” शेवंताबाई हसल्या, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. “मग आदी सांगायचंस की. दोगी मिळून भ्यालो आसतो.”

त्यांनी आपली पिशवी उचलली आणि गेल्या. वस्तीतल्या बायका त्यांच्यामागून गेल्या. नेरूळ, ऐरोली, जिथे जिथे ओळखीच्या बाया आहेत तिथे आणखी तुकडे जोडून गोधडी लांबवत न्यायची, असं तुमचं ठरलं होतं. ते तिथेच थांबलं. आपल्या सोसायटीतल्या बायकाही पुढे कुजबुजल्या, की दुसऱ्यांना शिकवणं सोपं असतं. तुमच्या कानावर ते आलं होतं. तुम्ही कपाटात गोधडी ठेवलीत आणि दर उन्हाळ्यात उन्हात घालत राहिलात.

त्या दुपारी तुम्ही मला नेहमीसारखं वाढलंत. मी खाली मान घालून जेवलो. पुढच्या आठवड्यात कधीतरी गोधडीची घडी घालताना तुम्ही सहज म्हणालात, “कबूतर लई बारीक काढलंय. उपाशी दिसतंय. दानं घालाया पायजेत त्याला.” मी हसलो. तुम्ही विषय हसण्यावारी नेलात असं मला वाटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्या सुटकेची मला आज जितकी लाज वाटते तितकी त्या कबुतराचीही वाटत नाही.

शेवंताबाई पुन्हा आल्या नाहीत. तुम्ही कांदा आणायला जाणं बंद केलंत. मी आणू लागलो. एकदा तुर्भे नाक्यावर, सिग्नलला थांबलेल्या माझ्या गाडीतून तुम्हांला शेवंताबाई रस्त्यापलीकडे दिसल्या. तुम्ही काचेवर हात ठेवलात. त्यांनी पाहिलं की नाही, ठाऊक नाही. सिग्नल सुटला. गाडी मी चालवत होतो, वहिनी. मी ती कडेला घेऊ शकलो असतो. दादा गेल्यावर या शहरात तुम्हांला वहिनी, काकू, आजी म्हणणारे पुष्कळ होते. नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते मी तुमच्यापासून तोडलं.

शेवटच्या आजारात तुम्हांला सतत थंडी वाजायची. एका सकाळी तुम्ही म्हणालात, “ती मोठी काढा.” सुनीतानं आणि मी ती गोधडी दुमडून तुमच्यावर घातली. दादाचा हिरवा तुकडा तुमच्या छातीवर आला. कबूतर इतक्या वर्षांत पिवळट पडलं होतं. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि माझ्याकडे बघत विचारलंत, “दानं खाल्लं का वो भावजी यानं?”

सुनीता मला हळूच म्हणाली, की वहिनींना भास होतोय. मला ते म्हणणं सोयीचं वाटलं. मी पुढे वाकून विचारलं, “वहिनी, पाणी देऊ का?”

तुम्ही पाणी घेतलंत. मला दिलेली ती शेवटची संधी होती, आणि ती देतानाही तुम्ही मला बायकोसमोर उघडं पाडलं नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी ती गोधडी तुमच्या खिडकीतल्या उन्हात पसरली आणि लहान कात्री घेऊन बसलो. निदान तुमची ओळ मोकळी करावी, एवढाच विचार होता. कबुतराच्या तीन बाजूंचे टाके माझेच होते. ते मी एकेक करून कापले. चौथ्या बाजूला आलो आणि कात्री थांबली. तिथले टाके बारीक होते, एका रेषेत होते. गाठ कुठेच दिसत नव्हती. ती आत घेतलेली होती.

मी ते कबूतर हलकेच उचललं. माझ्या मांडीवर जोंधळे पडले. जुने, काहींना कीड लागून भोकं पडलेली.

वहिनी, मी ते एकेक वेचून ओंजळीत घेतले. तुम्ही एक बाजू उसवली होती. तुमची ओळ तुम्हांला दिसली असणार. एक हिसका दिला असता तर कबूतर निघून आलं असतं. शेवंताबाईंना बोलावून दाखवता आलं असतं. मला समोर उभं करता आलं असतं. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. माझ्या उपाशी कबुतराला तुम्ही दाणे घातलेत आणि कड मिटलीत. ही क्षमा होती, की गोधडी उपाशी मिटू नये एवढीच रीत? की एक दिवस मी हे उघडीन आणि मला कळेल, असं तुम्ही धरून चालला होता? मला सांगता येत नाही. मला याला क्षमा म्हणायचा मोह होतो, म्हणून मी तो शब्द वापरणार नाही. एवढंच जाणतो, की तुम्ही जे माझ्यावर पांघरलं होतं ते आता काढायचं काम माझं होतं.

कबुतराखालचं हिरवं कापड उन्हापासून वाचलं होतं. ते दादाच्या अंगावर असायचं तितकंच गडद होतं. त्यावर तुमची अक्षरं कालच शिवल्यासारखी पांढरी होती.

शेवंताबाईंना बोलवायला मी तुर्भ्याला गेलो. त्या दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. “मेल्यावर बलवाया आलासा व्हय?” मी म्हणालो, रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळे जमणार आहेत, मला तुम्हांला गोधडी दाखवायची आहे. “बगितलीया मी ती,” त्या म्हणाल्या. मग दाराची कडी चाचपत विचारलं, “लई हाल झालं का वो तिचं?”

रविवारी हॉल भरला होता. तुमचा फोटो टेबलावर होता. गोधडी मागच्या भिंतीवर पुन्हा टांगली होती, कबूतर तुमच्या चौथ्या बाजूच्या टाक्यांवर लोंबत होतं. ते टाके मी कापलेले नाहीत, कधी कापणारही नाही. अध्यक्ष बोलले, दोन शेजारणी बोलल्या, तुमच्या हातच्या भाकरीबद्दल आणि मायेबद्दल. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. शेवंताबाई सगळ्यांत मागे, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

माझा आवाज दारापर्यंतही पोचत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचा. त्या दिवशी तो माझ्या स्वतःच्या कानापर्यंतही नीट पोचत नव्हता. मी म्हणालो, “वहिनींनी काही झाकलं नव्हतं.” पुढच्या रांगेतल्या लोकांनी नुसती मान डोलवली, श्रद्धांजलीत डोलवतात तशी.

मागून शेवंताबाईंचा आवाज आला. “मोठ्यानं बोला वो भाऊ! मागं काय बी ऐकू येत न्हाई.”

मी वळलो, भिंतीपाशी गेलो आणि कबूतर वर उचलून धरलं. दोन्ही ओळी वाचल्या, जितक्या मोठ्यानं वाचता येतील तितक्या: “त्यांचा नको. आपलाही नको.” मग म्हणालो, “ही ओळ मी झाकली. माझ्या नोकरीच्या भीतीनं. यमुनावहिनींनी ते स्वतःवर घेतलं, आणि मी किल्ल्या हातात धरून बघत राहिलो. शेवंताबाई, तुमच्या मैत्रिणीला भ्या वाटलं नव्हतं. ती तुमच्यासोबतच उभी होती. भित्रा मी होतो. मी तुमचा अपराधी आहे.”

शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. तुमच्या फोटोकडे पाहत होत्या. “यमे,” एवढंच त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी त्या खोलीत तुम्हांला कोणीतरी नुसत्या नावानं हाक मारली.

माझं अजून संपलं नव्हतं. मी तुमच्या फोटोसमोर आलो. केस पांढरे झालेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. गुडघ्याएवढा असताना दाराआड उभा होतो, तसाच होतो. पण दाराआड राहिलो नाही. बरणी फुटली होती तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, “वहिनी, ते कबूतर मी शिवलं. चुकलं माझं.”